सापडलेल्या गोष्टींची पोच

दरवर्षी वसुबारस उलटली की माझ्या फोनवर भारताचे एक चित्र येते. काळ्याभोर पार्श्वभूमीवर देशाची आकृती आणि तिच्यावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, तांबड्या ठिपक्यांची रांगोळी. खालचा मजकूर ठरलेला असतो : दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश, छायाचित्र नासाचे. पाठवणारे बदलतात. कधी मावसभाऊ, कधी जुने सहकारी. एकदा तर मुदतठेवीच्या कामापुरती ओळख झालेल्या एका बाईंनीही ते पाठवले. पहिल्यांदा आले तेव्हा मीही ते अकरा जणांना पाठवले होते. चित्र सुंदर होते, एवढे कारण पुरले. ते खरे आहे का, हा प्रश्न मनात आलाच नाही.

पुढे त्याची हकीकत वाचनात आली. हे चित्र एका रात्रीचे नाही आणि दिवाळीचे तर नाहीच. अमेरिकेच्या सागर व वातावरणविषयक सरकारी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी ते २००३ साली तयार केले. हवामानाची टेहळणी करणाऱ्या लष्करी उपग्रहांनी वर्षानुवर्षे टिपलेल्या रात्रीच्या दिव्यांच्या नोंदी एकत्र करून वस्ती कशी वाढत गेली ते दाखवावे, हा त्यांचा हेतू. १९९२ च्या आधीपासून दिसत असलेले दिवे पांढरे. १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे. १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले तांबडे. हा खुलासा नासानेच २०१२ च्या दिवाळीत केला. सोबत १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्री सुओमी एनपीपी या उपग्रहाने घेतलेले खरे चित्र दिले आणि दिवाळीचा म्हणून जो जादा उजेड असतो तो इतका थोडा की अवकाशातून बहुधा जाणवणारही नाही, असेही सांगितले.

हे वाचून मी खजील झाले, पण त्याहून अधिक चकित झाले. ज्या चित्राकडे मी कित्येकदा पाहिले होते ते मी एकदाही वाचले नव्हते. आपल्या पणत्या तांबड्या-हिरव्या का दिसाव्यात, असा साधा प्रश्न मला पडला नव्हता. खोट्या मजकुरात रंगांना काही अर्थच नव्हता, ते नुसते शोभेचे होते. खऱ्या मजकुरात प्रत्येक रंग म्हणजे एक साल होते. तांबडा ठिपका म्हणजे २००३ मध्ये उपग्रहाच्या डोळ्याला पहिल्यांदा दिसलेली वस्ती. एका रात्रीची रोषणाई म्हणून जे आपण कौतुकाने पाहत होतो, तो दशकाहून मोठ्या काळाचा जमाखर्च होता. खरी टीप काढून खोटी लावणाऱ्याने चित्राची शोभा वाढवली असे त्याला वाटले असेल. प्रत्यक्षात त्याने चित्रातली गोष्टच काढून घेतली.

या लेखाचा विषय तोच आहे. इंटरनेटवर सापडलेल्या गमतीच्या, नवलाच्या गोष्टी आपण एकमेकांना वाटतो. या वाटपाकडे कुणी समीक्षेच्या नजरेने पाहत नाही. समाजमाध्यमांचे दुष्परिणाम, अफवांचा सुळसुळाट, वेळेचा अपव्यय यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु आज मराठी माणूस रोज जे वाचतो त्यातला फार मोठा भाग कुणीतरी कुठेतरी शोधून, उचलून त्याच्यापर्यंत पोचवलेला असतो. तेव्हा हा एक लेखनव्यवहार आहे असे धरून त्याचे गुणदोष पाहायला हवेत, असे मला वाटते.

या व्यवहाराचे दोन घटक आहेत. एक, सापडलेली वस्तू : चित्र, उतारा, किस्सा, जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण, काहीही. दुसरा, तिच्याबरोबर येणारी ओळ-दोन ओळींची टीप : ही वस्तू कुठली, मला कुठे मिळाली, मी ती तुम्हाला का दाखवतो आहे. या दुसऱ्या घटकाला मी पोच म्हणते. मराठीत हा शब्द दोन अंगांनी चालतो. पत्र मिळाले की त्याची पोच द्यायची असते. आणि ज्याला कुठे काय बोलावे हे कळत नाही त्याला आपण पोच नसलेला माणूस म्हणतो. पहिल्या अर्थात देवघेवीची नोंद आहे, दुसऱ्यात समज आहे. सापडलेली गोष्ट वाटताना हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. कुठून मिळाले ते सांगणारा माणूस आपण काय हातात धरले आहे याचा निदान एकदा विचार करतो.

*

हे काम नवे आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्या भूमीतला सर्वांत जुना काव्यग्रंथ म्हणून जिचा अभिमानाने उल्लेख होतो, ती ‘गाथासप्तशती’ म्हणजे सापडलेल्या गोष्टींचा संग्रहच. महाराष्ट्री प्राकृतातल्या कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या, असे त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच हाल सातवाहनाच्या नावाने सांगितले आहे. कोटी हा आकडा अर्थातच वाढवून सांगितलेला. पण हाल स्वतःची थोरवी कशावरून सांगतो ते पाहण्यासारखे आहे. मी सातशे गाथा रचल्या असे तो म्हणत नाही. मी निवडल्या म्हणतो. गावच्या पाटलाची सून, नांगर धरणारा शेतकरी, गोदेच्या काठावरची चोरटी भेट हे सारे लोकांच्या तोंडी होतेच. त्यातले कोणते ठेवायचे, ही हालाची कामगिरी.

आणि या संग्रहाचे पुढे काय झाले? जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर यांनी १८८१ साली त्याची संपादित आवृत्ती काढली, तेव्हा निरनिराळ्या पोथ्यांतून मिळून ९६४ गाथा भरल्या. सगळ्या परंपरांत सामाईक अशा गाथा मात्र ४३० च्या आसपास. म्हणजे सातशेच्या संग्रहात प्रत्येक नकलकाराने आपल्या पसंतीच्या काही घातल्या, काही गाळल्या. गाथांच्या कवींची नावे टीकाकारांनी दिली आहेत, पण ती सर्वत्र जुळत नाहीत. स. आ. जोगळेकरांची १९५६ सालची मराठी आवृत्ती ज्यांनी चाळली असेल त्यांना हा गुंता ठाऊक असेल. पुढे पाठवताना वस्तू बदलते आणि नाव हरवते, ही तक्रार फोनपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

असे असले तरी जुन्या संग्राहकांत पोच देण्याची धडपड दिसते. बाराव्या शतकाच्या तोंडाशी बंगालमधल्या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने ‘सुभाषितरत्नकोश’ केला. पन्नास विभाग, सतराशेच्या वर श्लोक. जिथे माहीत आहे तिथे त्याने श्लोकाखाली कवीचे नाव दिले. दोनशेहून अधिक कवींची नावे त्यात येतात. त्यांतल्या कितीतरी कवींचे अन्यत्र काहीच उरलेले नाही. एका माणसाने श्लोक उतरवताना खाली नाव लिहिण्याचा कंटाळा केला नाही, म्हणून ते कवी आज आहेत. या ग्रंथाची तिबेटातली ताडपत्री पोथी आणि नेपाळातली कागदी पोथी यांवरून त्याचे संपादन केले ते आपल्याच दोघांनी : दामोदर धर्मानंद कोसंबी आणि वा. वि. गोखले. हार्वर्डच्या ग्रंथमालेत ते १९५७ साली प्रसिद्ध झाले.

त्याआधी, १९४८ साली, कोसंबींनी भर्तृहरीच्या नावावरच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती काढली होती. गणिती माणूस; त्यांनी शेकडो पोथ्या धुंडाळल्या, ताडून पाहिल्या. तीन शतके म्हणजे तीनशे श्लोक हवेत. पोथ्यांतून भर्तृहरीच्या नावाने निघाले आठशेहून अधिक. सर्व परंपरांत आढळणारे म्हणून कोसंबींनी पहिल्या गटात घातले ते फक्त दोनशे. उरलेले सहाशे कुठून आले? कुणाला तरी कुठेतरी एक चांगला श्लोक सापडला, तो नीतीचा किंवा वैराग्याचा होता, आणि नीती-वैराग्याचा श्लोक भर्तृहरीचाच असणार! काही नावे लोहचुंबकासारखी असतात. आसपासचे सगळे बेवारशी लोखंड त्यांना येऊन चिकटते. आपल्याकडे विष्णुदास नाम्याची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळली आणि तुकोबांच्या गाथेतले क्षेपक अभंग वेगळे काढण्यात विद्वानांच्या पिढ्या खर्ची पडल्या, ते याच नियमाने.

आज हे चुंबक म्हणजे पुलं. त्यांच्या नावाने माझ्याकडे आलेल्या मजकुरांची मी दोन वर्षे एक वही ठेवली. त्यात लग्नाच्या पंगतीवरचा एक खुसखुशीत उतारा आहे. वाचताना आपणही हसत जातो. तिसऱ्या परिच्छेदात नवरदेवाचा मामा जिलबीबरोबर सेल्फी काढतो. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्या मजकुरावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्याची चिन्हे टाकणाऱ्या चौतीस जणांपैकी एकालाही मामाच्या हातातला तो फोन दिसला नाही. मला यात वाईट वाटले ते पुलंसाठी नाही. त्यांना असल्या भेसळीने काही होत नाही. वाईट वाटले त्या अज्ञात लेखकासाठी. मामाची ती जिलबी चांगली जमली होती. लिहिणाऱ्याला विनोदाचे अंग होते. त्याला आपले नाव मिळायला हवे होते, मिळाले दुसऱ्याचे.

*

असेच एक ऋण माझ्या डोक्यावर आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या कार्यक्रमात मी आईवरचा एक छोटा उतारा वाचून दाखवला. फोनवर आलेला होता आणि खाली एका लोकप्रिय कथाकाराचे नाव होते. उताऱ्यात एक आई आहे. घरात फार काही नाही, पण फडताळाच्या वरच्या फळीवर झाकण घट्ट लावलेला एक डबा आहे. पोरांनी काही मागितले की ती म्हणते, ‘डब्यात आहे, सणाला काढू.’ आई गेल्यावर मुले तो डबा उघडतात. आत साठवलेले पैसे असतात आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत मुलांना उपदेश आहे : भांडू नका, माझ्यामागे एक राहा, वगैरे. सभागृहात दोन-तीन जणांनी डोळे पुसले.

कार्यक्रम संपल्यावर सत्तरीच्या एक बाई मला भेटल्या. तालुक्याच्या गावी शिक्षिका होत्या. म्हणाल्या, ‘तुम्ही वाचलंत ते माझं आहे.’ मी काहीतरी पुटपुटले असेन. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका जुन्या, स्थानिक दिवाळी अंकाची पाने टपालाने पाठवली. कथा त्यांचीच होती, जवळजवळ शब्दशः. फक्त शेवट वेगळा होता. मूळ कथेत मुले डबा उघडतात. तो रिकामा असतो, आणि लख्ख घासलेला असतो. तिथे कथा संपते.

मी क्षमा मागायला फोन केला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, ‘नाव गेलं त्याचं काही वाटत नाही हो. कोण ओळखतंय मला? पण तो डबा भरला कुणी?’

या प्रश्नावर मी बराच काळ विचार करते आहे. रिकामा डबा दर सणाला फळीवरून उतरवून घासून ठेवणारी बाई आणि डब्यात पैसे व उपदेश ठेवणारी बाई या दोन वेगळ्या बाया आहेत. पहिली आपण विसरू शकत नाही. दुसरी आपण रोज पुढे पाठवतो. डबा कुणा एकाने भरलाही नसेल. पाठवणाऱ्यांच्या रांगेत कुणालातरी रिकामा डबा सहन झाला नाही आणि त्याने पैसे घातले. पुढच्या कुणाला पैसे रूक्ष वाटले, त्याने चिठ्ठी घातली. हे करायला त्यांना संकोच का वाटला नाही? कारण मजकूर त्यांच्यापर्यंत आला तोवर तो कुणाचाच नव्हता. एका मोठ्या लेखकाचे नाव होते, पण ते देवाच्या नावासारखे, हिशेब न मागणारे. ज्या मजकुराला धनी नाही त्याच्यात कुणीही भर घालतो. आधी पोच पडते, मग तात्पर्य चिकटते. मी वहीत टिपलेल्या मजकुरांत हा क्रम इतक्या वेळा दिसतो की ‘आवडल्यास पुढे पाठवा’ अशी शेवटची ओळ आली की तिच्या वरच्या दोन-तीन ओळी नंतरच्या हाताच्या असाव्यात, असे मी आता धरून चालते.

*

याच्या उलट नमुनेही आहेत, आणि समीक्षकाने ते दाखवले पाहिजेत. इंटरनेटवरच्या वाटपाची मला माहीत असलेली सर्वांत देखणी कथा एका मातीच्या विटेची आहे. सध्याच्या दक्षिण इराकमधल्या ऊर या प्राचीन शहरात इसवी सनापूर्वी सुमारे १७५० मध्ये नान्नी नावाच्या माणसाने एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला एक पत्र लिहिले. चांगले तांबे देतो म्हणालास आणि हलका माल पुढे केलास. माझा माणूस शत्रूच्या मुलखातून तुझ्याकडे आला, त्याला अपमान करून रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यापुढे मी माझ्या अंगणात माल पारखून घेईन, असा त्याचा आशय. क्यूनिफॉर्म लिपीतली ही तळहाताएवढी वीट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लिओ ओपेनहाइम यांनी १९६७ साली मेसोपोटेमियातल्या पत्रांच्या पुस्तकात तिचे इंग्रजी भाषांतर दिले. मग अर्धशतकाने जगभरच्या तरुण मुलांना ती सापडली आणि एआ-नासिर हा फसवणाऱ्या दुकानदाराचा आद्यपुरुष होऊन बसला. त्याच्यावर व्यंगचित्रे निघाली, गाणी झाली.

ही गंमत टिकली कशी, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्यापासून तिच्याबरोबर वस्तुसंग्रहालयाचे नाव आणि विटेचे छायाचित्र फिरत राहिले. ज्याला शंका आली तो मूळ नोंदीपर्यंत जाऊ शकला, आणि जे गेले ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. त्यांना कळले की लिओनार्ड वुली यांच्या उत्खननात ज्या घरात ही वीट मिळाली तिथे या व्यापाऱ्याच्या नावे आलेली तक्रारीची आणखीही पत्रे होती. गंमत दुप्पट झाली. हा गृहस्थ तक्रारी जपून ठेवत होता की काय, अशी थट्टा सुरू झाली. हा अर्थात तर्क आहे, पण पुराव्याला धरून केलेला. मुळाकडे गेल्याने विनोद वाढला, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा संताप आपल्याला आपल्या गल्लीतला वाटतो, आणि तो खराच आहे हे ठाऊक असल्यामुळेच वाटतो. उद्या ही वीट बनावट ठरली तर तो विनोद त्या क्षणी मरेल.

दुसरा नमुना संगणकातल्या पतंगाचा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क २’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला आणि शेजारी गमतीने लिहिले की किडा खरोखर सापडल्याची ही पहिलीच वेळ. ती वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. आपल्याकडे हा किस्सा फिरतो तो असा : संगणकाच्या दोषाला ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात तो शब्द या पतंगावरून आला. तसे नाही. यंत्रातल्या खोडीला किडा म्हणण्याची रीत आधीचीच. एडिसनने १८७८ सालच्या पत्रात तो शब्द वापरला आहे. आणि ती रीत आधीची नसती तर वहीतल्या नोंदीत विनोदच उरला नसता. रोज नुसते म्हणायचे ‘किडा आहे’, आणि आज खरोखरचा निघाला, एवढीच तर ती गंमत. चुकीची व्युत्पत्ती पुढे पाठवणारा माणूस विनोद सांगतो आहे असे समजतो. खरे तर विनोद त्याच्याही हाती लागलेला नसतो.

*

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. लोक कंटाळलेले असतात, दमलेले असतात. दुपारी दोन मिनिटे हसावे म्हणून कुणी काही पाठवतो. तिथे तुम्ही पोथ्यांचे पाठभेद घेऊन बसलात तर मजा कुठली राहणार? ‘जन गण मन’ हे युनेस्कोने जगातले सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवले, असे कुणी अभिमानाने पाठवले आणि युनेस्कोने असे काही ठरवलेले नाही हे तुम्ही सांगितलेत, तर तुम्ही काय मिळवलेत? एक आनंदी माणूस हिरमुसला केलात.

हसण्याच्या बाबतीत याचे उत्तर मी वर दिले आहे : पोच असली की मजा वाढते. पण वाटपाचा रस्ता एकच असतो. ज्या रस्त्याने जिलबीचा मामा येतो त्याच रस्त्याने दुसरेही काही येते. २०१८ साली भारतभर मुले पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा फिरत होती. तिच्याबरोबर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एक मूल उचलून पसार होतात. ही फीत कराचीत तयार झाली होती, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी. मूळ फितीत शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक उलगडून दाखवतात : मूल पळवायला एवढाच वेळ लागतो. भारतात फिरलेल्या फितीत तो शेवट कापलेला होता. फलक म्हणजे त्या फितीची पोच होती. तेवढी काढली आणि मुलांच्या काळजीपोटी केलेली जाहिरात माणसांच्या जिवावर उठली.

त्याच अफवेच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्या जमावातल्या कुणी नेमके काय पाहिले-वाचले होते, याचा निवाडा करणे माझे काम नाही. मला दिसते ते इतकेच : वर्षानुवर्षे गावात येणाऱ्या भटक्या माणसाला पूर्वी गाव विचारायचे, ‘कुठले पाहुणे?’ तो सांगायचा, आणि त्या उत्तरावर त्याला भाकरी मिळायची. फोनवर आलेल्या मजकुराला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी तो माणसांनाही धड विचारला गेला नाही.

या घटनेनंतर काही दिवसांतच व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण करायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. उपाय चांगला, पण ही खूण मजकूर पुढून आला एवढेच सांगते, कुठून ते सांगत नाही. त्याआधी, २०१२ मध्ये, वाचलेल्या-सापडलेल्या गोष्टी वाटण्यावरच जिने नाव मिळवले त्या मारिया पोपोव्हा हिने दोन चिन्हे सुचवून पाहिली होती : एक थेट जिथून घेतले त्यासाठी, दुसरे ज्याच्यामुळे सुचले त्यासाठी. ती रुजली नाहीत. मला त्याचे नवल वाटत नाही. चिन्ह टाकणे हा उपचार होतो, तो पाळता येतो आणि विसरताही येतो. पोच द्यायला माणसाला एक वाक्य रचावे लागते, आणि वाक्य रचताना आपल्याला काय ठाऊक नाही ते कळते. ‘मला हे अमक्याकडून आले, त्यांना कुठून मिळाले माहीत नाही’ एवढे लिहिले तरी बोट थबकते. विद्याकरानेही कितीतरी श्लोकांखाली जागा मोकळी सोडली आहे. भर्तृहरी लिहून टाकणे त्याला सोपे होते.

डब्याची कथा आता मी वाचते तेव्हा त्या बाईंच्या परवानगीने, त्यांच्या नावासह आणि रिकाम्या डब्यासह वाचते. ऐकणारे पूर्वीसारखे डोळे पुसत नाहीत. थोडा वेळ गप्प बसतात.

गेल्या दिवाळीत घरच्या मंडळींच्या गटावर ते नकाशाचे चित्र पुन्हा आले. या वेळी भाच्याने पाठवले होते. मी चार ओळी लिहिल्या : चित्र कुणाचे, कोणत्या सालचे, कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे मी कुठे वाचले. वहिनींनी लिहिले, ‘झालं, मास्तरीणबाई आल्या.’ मग अर्धा तास कुणीच बोलले नाही आणि मला वाटले, खरेच मजा घालवली. तेवढ्यात आत्याचा फोन आला. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला टंकन जमत नाही, पण चित्र नातीने मोठे करून दाखवले होते. म्हणाली, ‘अगं, आपल्या वाडीवर खांब आले ते तुझ्या आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास. पहिल्या रात्री कुणी झोपलंच नाही, बल्ब बंद कसा करायचा ते माहीत नव्हतं. मग आपला ठिपका पांढरा धरायचा का तांबडा?’

मी तिला सांगितले की इतके मंद दिवे उपग्रहाला दिसले असतीलच असे नाही. तिला ते पटले नाही. आम्ही दोघी आपापल्या फोनवर चित्र मोठे करत राहिलो, सह्याद्रीच्या कडेची काळी पट्टी येईपर्यंत.